दिवाणजींचं वजन

वजनमापे खात्यात मी गेली चोवीस वर्षं निरीक्षक आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी जी शोभा झाली तिच्यात माझ्या हुद्द्याचा वाटा फार मोठा आहे. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली असती तर लोक हसून विसरून गेले असते. माझ्या हातून झाली म्हणून आमच्या इमारतीत ती अजून तिन्ही मजल्यांवर सांगितली जाते, आणि तळमजल्यावरचे हेडमास्तर तर ती अभिनयासकट सांगतात.

प्रकरण सुरू झालं सासूबाईंच्या गुडघ्यापासून. डावा गुडघा बदलायचं ठरलं, शस्त्रक्रिया मेहुण्याच्या गावी करायची ठरली, आणि मग महिनाभर दिवाणजी आणि कारकून यांचं काय, असा प्रश्न उभा राहिला. दिवाणजी आणि कारकून हे सासूबाईंचे दोन गिनीपिग. दिवाणजी तपकिरी-पांढरे, गोलमटोल, डोक्यावर केसांचा भोवरा असलेले. कारकून काळे, किडकिडीत आणि कायम दिवाणजींच्या दोन पावलं मागे. सासरे गेल्यावर सासूबाईंनी ही जोडी घरी आणली आणि पहिल्या दिवसापासून त्या दोघांना अहोजाहो करू लागल्या. मलाही त्या अहोजाहोच करतात. पण दिवाणजींशी बोलताना त्यांच्या आवाजात जो ओलावा असतो, तो माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

याला कारण होतं. अठरा वर्षांपूर्वी त्या पंधरा दिवस बाहेरगावी गेल्या होत्या, आणि त्यांच्या गच्चीतल्या बावीस कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मी विसरलो. त्या परत आल्या तेव्हा बावीस कुंड्यांमध्ये एक निवडुंग तेवढा जिवंत होता, आणि तोही माझ्याकडे रागाने बघत होता असं बायको म्हणते. तेव्हापासून त्यांनी मला साधी छत्रीसुद्धा धरायला दिलेली नाही. आमच्याकडे त्या येतात, पण संध्याकाळचा चहा झाला की निघतात. एकदा बायकोने राहायचा फारच आग्रह केला, तर म्हणाल्या, "नको गं, मला रात्री पाणी लागतं." हे त्या बायकोला म्हणाल्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

तरीही जोडी आमच्याकडे आली, कारण मेहुण्याला प्राण्यांच्या केसांनी शिंका येतात आणि सासूबाईंची शेजारीण घर बदलून गेली होती. म्हणजे मी काही पहिल्या पसंतीचा उमेदवार नव्हतो. रविवारी दुपारी सासूबाईंनी पिंजरा, गवताची पिशवी, दिवाणजींची झोपायची वेताची टोपली आणि दोन पानी सूचना असं सगळं आमच्या स्वाधीन केलं. सूचना बारीक अक्षरात, अनुक्रमांक घालून लिहिलेल्या होत्या. मी तिसऱ्या क्रमांकापर्यंत वाचलं आणि थांबलो, कारण तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं: 'रोज सकाळी वजन करावे. हे प्राणी दुखणे लपवतात. वजन खोटे बोलत नाही.'

हे वाक्य वाचून मला भरून आलं. माझं उभं आयुष्य ज्या तत्त्वावर गेलं ते सासूबाईंनी एका ओळीत लिहिलं होतं. पुढच्या सूचना वाचायची मला गरजच वाटली नाही.

वजन करायला बायकोने स्वयंपाकघरातला बॅटरीवरचा काटा पुढे केला. तो मी नुसत्या नजरेने परत पाठवला. माझ्याकडे पितळी तराजू आहे, जुन्या घडणीचा, दांडीवर कोरीव काम असलेला, आणि त्याची वजनं मखमलीच्या पेटीत असतात. प्रश्न एवढाच होता की दिवाणजी पारड्यात बसेनात. टोपलीत मात्र ते खुशाल बसत. तेव्हा टोपलीसकटच तोलायचं ठरलं. आता टोपलीसकट तोलायचं म्हणजे धडा करणं आलं. धडा म्हणजे, रिकाम्या भांड्याइतकं वजन आधीच दुसऱ्या पारड्यात टाकून दांडी सरळ करायची आणि मग भांड्यात माल घालायचा. नाहीतर गिऱ्हाइकाला मालाच्या भावाने भांडं विकलं जातं. चोवीस वर्षं मी दुकानादुकानांतून हेच समजावत हिंडलो आहे. मी रिकामी टोपली आणि तिच्यातला घडी घातलेला टॉवेल यांचा धडा केला. एक चपटा दगड, चार खिळे आणि शर्टाचं एक बटण, असा तो नेमका जमला. ते सगळं मी रुमालात बांधून ठेवलं, म्हणजे रोज खटपट नको. मग दिवाणजींना टोपलीत बसवलं. नऊशे दहा ग्रॅम.

सोमवारी भरले नऊशे आठ. मंगळवारी नऊशे अकरा. बुधवारी पुन्हा नऊशे दहा. मी भिंतीवर तक्ता लावला आणि खाली सही करू लागलो. इतकं स्थिर वजन मी सरकारी गोदामातसुद्धा पाहिलेलं नाही.

सासूबाईंचा फोन रोज संध्याकाळी पाच वाजता यायचा. सोमवारी शस्त्रक्रिया झाली त्या दिवशीसुद्धा आला, फक्त आवाज गुंगीतला होता. त्या माझी चौकशी करत, म्हणजे "बरे आहात ना" असं विचारत. मी "हो, तुम्ही बऱ्या आहात ना" असं म्हणे, आणि मग त्या म्हणत, "दिवाणजींना द्या." मी फोन पिंजऱ्याजवळ धरायचो आणि बायको आत जाऊन फ्रिज उघडायची. फ्रिजचं दार वाजलं की दिवाणजी मागच्या पायांवर उभे राहून जी शीळ घालत, ती ऐकून जिन्यात चढणारी माणसं थांबत. तिकडे सासूबाई हसत आणि फोन ठेवत. आमच्या दोघांच्या नात्यात इतका जिव्हाळा पूर्वी कधीच नव्हता, आणि तो सगळा दिवाणजींच्या जोरावर होता.

बुधवारची शीळ जरा बेताची झाली. गुरुवारी सकाळी बायकोने काकडी काढायला फ्रिज उघडला आणि ती तशीच दार धरून उभी राहिली.

"अहो, दिवाणजी ओरडले नाहीत," ती म्हणाली.

मी तिला तक्ता दाखवला. त्या सकाळचंही वजन नऊशे दहा होतं. ती म्हणाली की ते अंग फुगवून कोपऱ्यात बसलेत, हनुवटी ओली दिसतेय, आणि काकडीपाशी जाऊन नुसतंच हुंगून परत फिरले. मी म्हणालो, खात नसते तर वजन घटलं असतं, आणि टोपलीत टाकलेलं गवतही रोज संपतंय. ती म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हणालो, दुखण्याला पुरावा लागतो. हे वाक्य मी कोणत्या घमेंडीत उच्चारलं हे आता मलाही कळत नाही, पण ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं, कारण पाचच मिनिटांत हेडमास्तर वर आले.

हेडमास्तरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण समोर कुणी गप्प बसलेलं दिसलं की ते शिकवायला लागतात. त्यांनी दिवाणजींकडे चष्म्यावरून पाहिलं आणि अपचन असं निदान केलं. उपाय म्हणून त्यांनी लंघन सांगितलं. पोटाला चोवीस तास विश्रांती, फक्त पाणी. त्यांच्या स्वतःच्या पोटाच्या तीन तक्रारी लंघनाने कशा गेल्या हेही त्यांनी सविस्तर सांगितलं, इतकं की आम्हालाच भूक उरली नाही. मला उपाय पटला, कारण त्यात काहीच करायचं नव्हतं. पिंजऱ्यातलं गवत काढून ठेवलं.

तेवढ्यात समोरच्या वहिनी आल्या. त्यांच्या मते हे पोटाचं नसून मनाचं होतं. घर बदललं की प्राणी खचतात, त्यांना आपल्यासारखं आणखी कुणीतरी दिसलं पाहिजे. कारकून आहेत की, असं मी म्हणालो, तर त्या म्हणाल्या, कारकून हाताखालचे, बरोबरीचं कुणी नको का? आणि त्यांनी आपल्या कपाटाचा आरसा काढून आणला. दिवाणजींनी आरशात एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. कारकुनांनी मात्र आयुष्यात प्रथमच स्वतःला पाहिलं. ते आरशासमोर जे बसले ते दिवसभर हलले नाहीत. अधूनमधून मान तिरकी करून समोरच्याने केली का हे बघत होते.

पाच वाजले. फोन वाजला. "बरे आहात ना," झालं. "दिवाणजींना द्या," झालं. बायकोने फ्रिज उघडला. दिवाणजी गप्प. तिने फ्रिज पुन्हा उघडला, दार आपटलं, कोथिंबिरीची पिशवी चुरगाळली. कारकून आरशात गुंतलेले. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "दिवाणजी?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला ते ऐकवलं नाही. शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झालेल्या बाईला काय सांगायचं? मी खात्यात रुजू झाल्यापासून तोंडाने शीळ वाजवली नव्हती, पण त्या क्षणी मी खाली वाकलो, ओठांचा चंबू केला आणि फोनमध्ये शीळ घातली.

"कारकून कुठे आहेत?" सासूबाईंनी विचारलं.

"आरशात," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मी विजयाने वळलो तर बायको फ्रिजला टेकून रडत होती. मला वाटलं माझ्या शिळेमुळे. ती म्हणाली, "बाबा गेल्यावर आई बाहेरून आली की घरात कुणी हाक मारायचं नाही हो. ती कुलूप उघडून दारातच उभी राहायची. हे दोघं आल्यापासून ती किल्ली फिरवते तेव्हाच आतून ओरडा सुरू होतो. दिवाणजींना काही झालं तर ती परत त्या घरात कशी जाईल?"

मी सूचनांचे कागद काढले आणि चौथ्या क्रमांकापासून पुढे वाचू लागलो. सातव्या क्रमांकावर सासूबाईंनी खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं: 'खाणे सुटले तर एक दिवसही थांबू नये. उपाशी ठेवणे म्हणजे जिवाशी गाठ. तडक डॉक्टर.' मी गवत परत पिंजऱ्यात टाकलं, पण दिवाणजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि जनावरांचा दवाखाना तोवर बंद झालेला होता.

शुक्रवारी सकाळी दार उघडायच्या आधीच आम्ही दवाखान्याबाहेर हजर होतो. मी कचेरीत रजेचा अर्ज टाकला होता आणि कारण म्हणून 'सासरकडील आजारपण' असं लिहिलं होतं, जे खोटं नव्हतं. टोपली मांडीवर, शेजारी कारकुनांचा खोका, कारण एकट्याने गेलं तर दिवाणजी आणखी घाबरतील असं पाचव्या क्रमांकावर होतं. खिडकीवरच्या कारकुनाने, म्हणजे माणसांतल्या कारकुनाने, केसपेपर काढला. त्यावर गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, घोडा, कुत्रा, मांजर, कोंबडी अशी छापील यादी होती. गिनीपिग नव्हता. मी 'इतर' या रकान्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, इतर भरलं की वरून विचारणा येते, मागच्या वर्षी एका कासवापायी अजून पत्रव्यवहार चालू आहे. मी स्वतः सरकारी माणूस असल्याने मला त्याची अडचण समजली, आणि आम्ही सामोपचाराने 'शेळी (लहान)' असं ठरवलं. मग शेळीचे पुढचे रकाने आले. शिंगं, नाहीत. दूध, नाही. उपयोग काय, असं त्याने विचारल्यावर बायको म्हणाली, दार उघडलं की शीळ घालतात. त्याने लिहिलं: राखण.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण हात सराईत होता. त्यांनी वजन विचारलं. मी खिशातून तक्त्याची नक्कल काढून दिली. पाच दिवसांत तीन ग्रॅमपलीकडे फरक नाही, हे जरा ठासूनच सांगितलं. त्यांनी दिवाणजींना टोपलीतून अलगद उचललं आणि टेबलावरच्या काट्यावर ठेवलं.

"आठशे पंधरा," त्या म्हणाल्या.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, तुमचा काटा चुकतोय. त्या म्हणाल्या, आमच्या काट्याची यंदाच पडताळणी झालीय. मी म्हणालो, असं सगळेच म्हणतात, प्रमाणपत्र दाखवा. त्यांनी माझ्या मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे चौकटीत प्रमाणपत्र लावलेलं होतं. शिक्का खरा होता, तारीख याच वर्षीची होती. खाली निरीक्षकाची सही होती, वळणदार, शेवटी दोन टिंबं दिलेली. माझीच.

डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, घरी कसं तोलता? मी टोपलीचं सांगितलं, धड्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, धडा रोज करता? मी उत्तर द्यायच्या आत बायकोने टोपलीतल्या टॉवेलचं एक टोक दोन बोटांनी उचललं. टॉवेल रविवारी कोरडा होता. आता तो तसा नव्हता, का ते सांगायला नको. आणि त्याच्या खाली, नीट दडपून, सगळं गवत होतं. चार दिवसांचं. मला जे संपत होतं असं वाटत होतं, ते दिवाणजींनी खायचा प्रयत्न करून, जमेना तेव्हा अंगाखाली सारलं होतं. पोटात गेलं असतं तर जेवढं वजन भरलं असतं, तेवढं ते टोपलीत पडून भरत होतं. माझ्या तराजूने एका ग्रॅमची चूक केली नव्हती. मी रोज सकाळी मोठ्या काटेकोरपणे एक गिनीपिग, एक ओला टॉवेल आणि एक उपास, असे मिळून तोलत होतो.

दाराशी एक किराणा दुकानदार आपल्या कुत्र्याला घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. महिनाभरापूर्वी याच माणसाला मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, वीस मिनिटं सुनावलं होतं. तो पुढे वाकला आणि अगदी हळू आवाजात, माझी दया येऊन म्हणाला, "साहेब, धडा राहिला का?"

बोलायला तोंड कुठे होतं? आणि खरं सांगायचं तर मला त्या वेळी लाजेपेक्षा भीतीच जास्त वाटत होती. टेबलावर दिवाणजी अंगाचा गोळा करून बसले होते आणि पंच्याण्णव ग्रॅम दिवाणजी या जगात नव्हते, तेही माझ्या सहीनिशी.

डॉक्टरबाईंनी तोंडात छोटा दिवा घालून पाहिलं. मागच्या दाढेला टोक आलं होतं आणि ते जिभेला लागत होतं. भूक आहे पण चावता येत नाही, म्हणून लाळ गळतेय. हे प्राणी दुखणं दाखवत नाहीत, अगदी शेवटाला आलं की दाखवतात, आणि त्यांचं पोट रिकामं राहिलं की आतडी बंद पडतात. लंघन हा शब्द मी उच्चारला मात्र, त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी हेडमास्तरांना अजून सांगितलेलं नाही. गुंगी देऊन त्यांनी दाढ घासली. दुखणं थांबवायचं औषध दिलं. एक पूड दिली, ती कोमट पाण्यात कालवून दर अडीच तासांनी सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी भरवायची, घाई केली तर श्वासनलिकेत जाते. लेंड्या मोजायच्या. रविवारपर्यंत पोट चालू झालं तर बरे होतील. नाही झालं तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि दिवाणजींच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

ते दोन दिवस आमच्या घरात कचेरीसारखं काम चाललं. बायको कालवण करायची, मी भरवायचो. दिवाणजींना बसून भरवलं की ते मान वळवत, हे माझ्या लक्षात आलं. मी जमिनीवर उताणा पडलो आणि त्यांना छातीवर घेतलं की मात्र ते गप घेत. का, ते त्यांनाच ठाऊक. मिश्रण कोमट आहे का हे मी आधी स्वतः चाखून बघायचो. चव वाईट नसते, भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. भरवताना निम्मं माझ्या गळ्यात जायचं, म्हणून बायकोने मला लाळेरं बांधलं. वहिनी आरसा परत न्यायला आल्या आणि माझी ही मुद्रा बघून आरसा ठेवून गेल्या. हेडमास्तर आपल्या सल्ल्याने इतके खजील झाले होते की त्यांनी सिरिंजा उकळायचं काम मागून घेतलं. त्या ते इतक्या शिस्तीत वाळत घालत की मला शाळेच्या रांगा आठवत.

शुक्रवारी पाचला सासूबाईंचा फोन आला नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि सहा वाजता पाचावर धारण बसली. आम्ही फोन केला, उचलला नाही. शनिवारी मेहुण्याने उचलला, आई आराम करतेय एवढंच म्हणाला आणि घाईने ठेवला. बायको म्हणाली, तिला कळलंय. मी म्हणालो, शीळ तर हुबेहूब होती. ती पुढचं कालवण करायला आत गेली.

शनिवारी सकाळी, साडेनऊला, एक लेंडी झाली.

तुम्हाला ही घटना किरकोळ वाटेल. आम्ही चौघं पिंजऱ्याभोवती गुडघ्यांवर बसलो होतो. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि ती आकाराने लहान पण घडणीला उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मी कपड्याच्या चिमट्याने ती उचलून तराजूत ठेवायला निघालो होतो, पण बायकोने हात धरला. दुपारपर्यंत अकरा झाल्या. मी तक्त्यात नवा रकाना आखला आणि त्या रात्री आम्ही दोघं आठवड्यात प्रथमच पोटभर जेवलो. शीळ मात्र अजून नव्हती. फ्रिज उघडला की दिवाणजी मान वर करत आणि पुन्हा खाली घालत.

रविवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना बेल वाजली. मी दिवाणखान्याच्या मधोमध उताणा, गळ्यात लाळेरं, छातीवर दिवाणजी, हातात भरलेली सिरिंज. बायकोने दार उघडलं. दारात वॉकर धरून सासूबाई उभ्या होत्या, गुडघ्याला पट्टी, डोळे सुजलेले. मागे बॅग घेऊन मेहुणा, शिंका द्यायला आत्तापासून तयार. डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली होती, असं तो जिन्यातूनच सांगत आला होता.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "कुठे ठेवलंय त्यांना? मला एकदा बघू द्या. मग मी जाते."

मला क्षणभर उमगेना. मग उमगलं. "आई," मी जमिनीवरून म्हणालो, "छातीवर आहेत."

त्यांनी खाली पाहिलं. "दिवाणजी?" त्या म्हणाल्या.

दिवाणजींनी मान वर केली, माझ्या छातीवर पुढचे पाय रोवले आणि शीळ घातली. अर्ध्यातच फाटली, जोर नव्हता, पण त्यांची होती. लगेच पिंजऱ्यातून कारकुनांनी दुसरी दिली. सासूबाईंनी वॉकर सोडला, बायकोने त्यांना धरून खुर्चीत बसवलं, आणि त्या तोंडाला पदर लावून रडू लागल्या. रडता रडता हसू लागल्या.

"गुरुवारी तुमची शीळ ऐकली आणि मी म्हटलं, गेले दिवाणजी," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांत तुम्ही माझ्याशी फोनवर 'बऱ्या आहात ना'च्या पुढे बोलला नाहीत, जावईबापू. ते तुम्ही माझ्यासाठी शीळ घालताय, म्हणजे काय झालं असेल हे मला कळायला नको?"

मी पडल्या पडल्याच सगळं सांगून टाकलं. उठता येत नव्हतं, दिवाणजींचं जेवण चालू होतं. वजनाचं सांगितलं, टॉवेलचं सांगितलं, गवताचं, लंघनाचं, तिसऱ्या क्रमांकानंतर वाचलं नाही याचं, आणि प्रमाणपत्रावरच्या सहीचंही. काही लपवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "किती वेळाने भरवता?"

"दर अडीच तासांनी."

"चाखून बघता?"

"हो."

त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. शुक्रवारपासूनचं प्रत्येक भरवणं तिथे वेळेसकट होतं, प्रत्येक लेंडी होती, आणि वजनाच्या रकान्यात रोज दोनदा, धडा करून, खाली सही. आठशे पंधरा, आठशे बारा, आठशे वीस, आठशे चौतीस. त्यांनी बोटाने एकेक ओळ वाचली. मेहुण्याने दोनदा शिंकून झाल्यावर म्हटलं की आता डोळ्यांनी बघितलंस ना, चल, गाडी खाली उभी आहे.

"तू बॅग आत आण," सासूबाई म्हणाल्या. "माझा गुडघा बरा होईपर्यंत मी इथेच राहणार आहे. इथे आजाऱ्याकडे नीट बघतात."

मेहुणा बॅग घेऊन आत आला, आणि बायको त्यांची खोली लावायला गेली. मी दुसरी सिरिंज भरून घेतली. ती भरायला जरा वेळ लागला, कारण डोळ्यांत पाणी आल्यावर सिरिंजेवरच्या रेघा वाचता येत नाहीत.